टीईओएस, पाणी आणि प्रोब: अल्कोहोल न घालता केलेल्या सोलच्या नोंदी

६ जानेवारी

टीईओएस, म्हणजे टेट्राइथाइल ऑर्थोसिलिकेट, ज्यापासून सिलिका बनते तो द्रव, आणि पाणी यांचं पटत नाही. बीकरमध्ये दोन्ही ओतले की टीईओएस वर, पाणी खाली, मधे स्वच्छ रेघ. नेहमीच्या कृतीत हा तंटा मिटवायला इथेनॉल घालतात. ते दोघांनाही चालतं, सगळं एकजीव होतं आणि जलापघटन, म्हणजे पाण्याने टीईओएसचे रेणू तुटणं, सुरू होतं. पण त्या इथेनॉलमुळे सोल (सिलिकाचे अतिसूक्ष्म कण असलेला द्रव) पातळ होतो, त्याचं जेल (कण जोडून झालेलं ओलं जाळं) भुसभुशीत येतं आणि वाळताना फार आकसतं. १९८४ मध्ये तारासेविच या संशोधकांनी दाखवलं की अल्ट्रासाउंड लावला तर इथेनॉलवाचूनही काम होतं. अशा जेलना पुढे सोनोजेल हे नाव पडलं. मला दाट, बारीक छिद्रांच्या सिलिकाच्या चकत्या हव्या आहेत, म्हणून हा खटाटोप.

एका खेपेचा हिशेब असा. टीईओएस ५० मिली, म्हणजे ४६.७ ग्रॅम, म्हणजे ०.२२४ मोल. पाणी त्याच्या चौपट मोल, म्हणजे १६ मिली. पाणी साधं नाही, ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल. सगळं सिलिकॉन सिलिका झालं तर हाती १३.५ ग्रॅम पडायला हवेत.

हिशेबातली एक गोष्ट आधी लक्षात आली नव्हती. जलापघटन पूर्ण झालं की टीईओएसच्या प्रत्येक रेणूमागे इथेनॉलचे चार रेणू सुटतात. ५० मिलीमागे हे इथेनॉल साधारण ५२ मिली भरतं. म्हणजे बाहेरून थेंबभर अल्कोहोल न घालताही शेवटी बीकरमध्ये बहुतांश अल्कोहोलच असतं, आणि तेही गरम. काम फ्यूम हूडमध्येच, जवळ ठिणगी नको.

टीएमओएस, म्हणजे टेट्रामिथाइल ऑर्थोसिलिकेट, जास्त वेगाने जलापघटित होतं म्हणून काही जण ते घेतात. त्याच्या वाफेने डोळ्याच्या पारदर्शक पटलाला कायमची इजा होऊ शकते. द्रवाचे तुषार उडवणाऱ्या यंत्राशेजारी मी तरी ते ठेवणार नाही.

८ जानेवारी

प्रोब, म्हणजे द्रवात थेट बुडवायचा अल्ट्रासाउंडचा दांडा, मोकळा नव्हता म्हणून आधी भांडी धुण्याच्या अल्ट्रासॉनिक बाथमध्ये करून पाहिलं. ४० किलोहर्ट्झचा बाथ. बीकर मधोमध टांगला. रेघ थोडी थरथरली, तिच्या आजूबाजूला धुरकट पट्टा आला, बस्स. बाथचं पाणी मात्र तापत गेलं.

मग अ‍ॅल्युमिनियमची पातळ फॉइल त्याच पाण्यात उभी धरून पाहिली. जिथे पोकळीभवन, म्हणजे ध्वनीने द्रवात बुडबुडे होऊन कोसळणं, जोरात होतं तिथे फॉइलला भोकं पडतात. भोकं पडली, पण पट्ट्यापट्ट्यांनी. मधला मोठा भाग शाबूत. माझा बीकर नेमका त्या शाबूत भागात होता. जागा बदलल्यावर थोडं बरं झालं, पण जाड काचेतून आत पोहोचतं ते फारच कमी. बाथचा नाद सोडला. ज्यांच्याकडे फक्त बाथ आहे त्यांनी निदान फॉइल लावून पाहावी आणि पातळ भिंतीचं भांडं घ्यावं.

९ जानेवारी

प्रोब मिळाला. २० किलोहर्ट्झ, टिटॅनियम मिश्रधातूचा. पडद्यावर टक्के दिसतात आणि शेजारी वॅटचा एक आकडा. टक्के म्हणजे टोकाच्या कंपनाचा आयाम, शक्ती नव्हे. वॅटचा आकडा ट्रान्सड्यूसरला जाणाऱ्या विजेचा. द्रवात प्रत्यक्ष किती उतरते ते दोन्हींतून कळत नाही, म्हणून पाण्यावर मोजून घेतलं.

१०० ग्रॅम पाणी, फोमची गुंडाळी केलेला बीकर, पातळ थर्मोकपल. प्रोब एक मिनिट चालवला, तापमान ५.८ अंशांनी चढलं. १०० गुणिले ४.१८ गुणिले ५.८, भागिले ६०: साधारण ४० वॅट. पडद्यावरचा आकडा याच्या दुपटीच्या आसपास होता. ६६ मिलीच्या खेपेला हे ०.६ वॅट प्रति मिली पडतं.

पाण्यात मोजलेली शक्ती टीईओएसच्या मिश्रणात जशीच्या तशी उतरेल असं नाही, घनता आणि चिकटपणा बदलतो. तरी एका खेपेची दुसरीशी तुलना करायला एवढं पुरतं. दुसऱ्यांच्या कृतीत ‘पाच मिनिटं सोनिकेट करा’ असं वाचलं की आता हसू येतं. कुठल्या यंत्रावर, किती मिलीत, टोक केवढं? त्या पाच मिनिटांना काहीच अर्थ नाही.

कानाला मफ हवेतच. २० किलोहर्ट्झ ऐकू येत नाही हे खरं, पण पोकळीभवनाची किंचाळी येते ती खालच्या पट्टीतली असते आणि ती डोक्यात जाते.

१२ जानेवारी

पहिली खरी खेप. टोक वरच्या टीईओएसमध्येच बुडवलं होतं. वर खळबळ, खाली पाणी निवांत. टोक रेघेच्या जरा खाली नेलं आणि क्षणात सगळं दुधाळ झालं. अगदी वर घेतलं तर टोक हवा ओढतं, फेस येतो, आवाज फुसका होतो आणि कामही होत नाही. टोक आणि तळ यांत निदान दोन सेंटिमीटर मोकळे ठेवले.

खालचा वॉटर बाथ लावलेला नव्हता. ६६ मिली मिश्रणाची उष्माधारकता जेमतेम १५० ज्यूल प्रति अंश आहे. त्यात ४० वॅट ओतले तर मिनिटाला पंधरा-सोळा अंश चढणार, हे कागदावर आधी मांडता आलं असतं. दोन मिनिटांत तापमान पन्नाशीपार. थोड्या वेळाने द्रव पारदर्शक झाला खरा, पण वजन केलं तर काही ग्रॅम उडून गेले होते. इथेनॉल किती गेलं, पाणी किती, कळायला मार्ग नाही. म्हणजे पुढचं प्रमाणच बिघडलं. ती खेप टाकून दिली. ५० मिली टीईओएस वाया.

१४ जानेवारी

उष्णतेवर उपाय म्हणून बर्फाचं पाणी. थंड द्रवात वाफेचा दाब कमी असतो, त्यामुळे बुडबुडे जास्त जोरात कोसळतात, म्हणजे फायदाच, असा तर्क होता. पोकळीभवन खरंच कडक झालं, आवाजावरून कळत होतं. पण द्रव पाच-सहा अंशांवर होता आणि त्या तापमानाला जलापघटन पुढे सरकेना. दूध ते दूधच. मागच्या खेपेच्या दुपटीहून जास्त ऊर्जा घातली, मग यंत्र बंद केलं. काही मिनिटांत रेघ पुन्हा हजर.

तरी या फसलेल्या खेपेतून घोडं कुठे पेंड खातंय ते कळलं. अल्ट्रासाउंडचं मुख्य काम इथे दोन द्रवांच्या सीमेचं क्षेत्रफळ वाढवण्याचं. प्रत्यक्ष बंध तोडायला आम्ल आणि ऊब लागतेच. तेच मिश्रण बर्फातून काढलं, साध्या पाण्यात ठेवलं, तीस अंशांवर येऊ दिलं आणि पुन्हा प्रोब लावला, तर थोड्याच वेळात निवळलं.

यापुढे बाहेर साधं पाणी, आतलं तापमान ३० ते ४० च्या मधे.

१७ जानेवारी

आज जमलं, आणि नीट पाहताही आलं. म्हणून ही नोंद लांबेल.

सुरुवातीला तापमान चढतं. मग वॉटर बाथ आणि प्रोब यांचा तोल साधतो आणि आकडा ३४-३५ वर रेंगाळतो. या काळात द्रव घट्ट पांढरा असतो आणि काहीच होत नाही असं वाटतं. यंत्र बंद करायचा मोह होतो, तो आवरावा. साधारण साडेतीन मिनिटांनी पांढऱ्याला निळसर झाक आली. पाठीमागे धरलेल्या कागदावरच्या ओळी आधी सावल्यांसारख्या, मग अक्षरांसारख्या दिसू लागल्या. त्याच वेळी थर्मोकपलचा आकडा उडाला: ३५, ३७, ४०, ४३. अर्ध्या मिनिटात आठ अंश. प्रोबचा आवाजही बदलला, चरचर होती ती थोडी खोल झाली. मग द्रव पूर्ण नितळ.

कारण गुंतागुंतीचं नाही. आधी सीमेवर थोडं टीईओएस जलापघटित होतं आणि इथेनॉल सुटतं. तेच इथेनॉल उरलेल्या टीईओएसला पाण्यात ओढून आणतं, त्यामुळे आणखी जलापघटन, आणखी इथेनॉल. एका टप्प्याला दोन थर उरतच नाहीत, अभिक्रिया एकदम धावते आणि तिची उष्णता एकदम बाहेर पडते. जे अल्कोहोल आपण बाहेरून घालत नाही ते ती स्वतःच तयार करते. प्रोबने फक्त सुरुवातीची ढकल द्यायची.

म्हणून थांबण्याची खूण घड्याळात नाही, या उडीत आहे. उडी संपून आकडा उतरायला लागला की यंत्र बंद.

खात्रीसाठी सोपी चाचणी: ग्लासभर पाण्यात सोलचा एक थेंब सोडायचा. न बदललेलं टीईओएस पाण्याहून हलकं, घनता ०.९३, त्यामुळे ते उरलं असेल तर पृष्ठभागावर तेलासारखे बारीक ठिपके तरंगतात. दुधाळ अवस्थेतल्या नमुन्यात ते स्पष्ट दिसले. उडीनंतरच्या नमुन्यात थेंब किंचित लहरत पाण्यात विरून गेला.

ऊर्जेचा हिशेब: निवळायला चार मिनिटं, ४० वॅट, ६६ मिली. म्हणजे १४५ ज्यूल प्रति मिली.

संध्याकाळी हीच खेप निम्म्या मापाने, अरुंद बीकरमध्ये. ती दोन मिनिटांच्या थोडी वर निवळली. ज्यूल प्रति मिलीत पुन्हा १४८. मिनिटं निम्मी झाली, ज्यूल जवळपास तेच. पण हे आम्ल आणि तापमान तेच असेल तरच. ०.०१ मोलर आम्ल घेऊन तेवढीच ऊर्जा दिली तेव्हा बीकरमध्ये पांढरं दूध होतं. त्या खेपेला कितीतरी जास्त वेळ चालवावं लागलं.

१९ जानेवारी

परवाच्या नितळ सोलच्या तळाशी करडी धूळ बसली आहे. आधी वाटलं भांडं अस्वच्छ होतं. मग प्रोबचं टोक भिंगाखाली धरलं. चकचकीत चकतीच्या मध्यावर पावसाने झोडपलेल्या जमिनीसारखे खड्डे. धूळ टिटॅनियमची आहे. कोसळणारे बुडबुडे टोकालाही सोडत नाहीत.

दोन उपाय केले. सोल ०.४५ मायक्रोमीटरच्या टेफ्लॉन सिरिंज फिल्टरमधून गाळला. हे जेल धरण्यासाठी अमोनिया घालण्याआधीच करायचं, नंतर सोल घट्ट होऊ लागतो आणि फिल्टर तुंबतो. दुसरं, टोक सपाट काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून घासून समतल केलं. पण याला मर्यादा आहे. प्रोबची लांबी त्याच्या कंपनाशी जुळवलेली असते. घासून घासून ती कमी झाली की जनरेटरला जुळणी सापडत नाही आणि तो स्वतःच बंद पडतो. प्रोब ही संपणारी वस्तू आहे असं धरूनच खर्चाचा अंदाज काढावा. टीईओएसपेक्षा मोठा खर्च हाच. निवळल्यावरही ‘अजून थोडं’ म्हणून चालवत राहिलं तर सोलला विशेष काही मिळत नाही, टोक मात्र झिजतं.

इथेच लिहून ठेवतो: आट्यांनी बसवलेलं बदलायचं टोक या कामाला चालत नाही. कमी पृष्ठताणाचे द्रव, आणि इथेनॉल त्यातलंच, आट्यांच्या फटीत शिरतात आणि सांधा खराब होतो. अखंड प्रोब घ्या.

२३ जानेवारी

सोल तयार आहे, पण तो जेल व्हायला तयार नाही. यात नवल नाही. सिलिकाचं संघनन, म्हणजे तुटलेले रेणू एकमेकांना जोडले जाणं, पीएच २ च्या आसपास सगळ्यात मंद असतं आणि आपण नेमके तिथे घुटमळतो आहोत. झाकून ठेवलेली बाटली अजून पाण्यासारखी पातळ आहे. जेल लवकर हवं तर पीएच चढवायला हवा, पाचच्या आसपास.

अमोनिया घालणं वाटतं तितकं साधं नाही. तीव्र अमोनियाचा थेंब जिथे पडला तिथेच झटकन पांढरा गोळा झाला. बाकी सोल अजून आम्लच. ते गोळे परत विरघळत नाहीत. अमोनिया ०.१ मोलरपर्यंत पातळ केला, सोल बर्फात गार केला, मॅग्नेटिक स्टरर जोरात ठेवला आणि पिपेटने थेंबाथेंबाने घातला, तेव्हा गोळे थांबले. २० मिली सोलला पाच मिलीच्या थोडं आत पुरतं. आम्ल किती मोल घातलं होतं त्यावरून हा आकडा आधीच निघतो, शेवटचे थेंब तेवढे पट्टीवर पाहून.

पट्टीच, पीएच मीटर नव्हे. जेल होऊ घातलेल्या सोलमध्ये काचेचा इलेक्ट्रोड बुडवला तर त्यावर सिलिकाचा पापुद्रा बसतो आणि मग तो कुठेच खरं बोलत नाही. शिवाय इतक्या इथेनॉलमध्ये मीटरचा आकडा तसाही फसवा.

अमोनिया मिसळायला प्रोबच वापरला तर? केलं. सुंदर मिसळला. इतका सुंदर, की टोकाजवळच्या उष्णतेने तिथलं जेल आधी धरलं आणि प्रोब जेलमध्ये रुतून बसला. ओलं असतानाच प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडलं म्हणून निघालं. वाळू दिलं असतं तर प्रोबची खैर नव्हती. प्रोब फक्त आम्लाच्या टप्प्याला.

बाटली ४५ अंश कलंडवली आणि पृष्ठभाग हलला नाही की तो क्षण जेल होण्याचा, असं मी धरतो.

३० जानेवारी

साचे. काचेच्या पेट्री डिशमध्ये ओतलेलं जेल काचेला धरून बसलं. ते आकसू लागलं, काच सोडेना, मधून चिरलं. पॉलिप्रोपिलीनच्या डब्यांतलं कडेने अलगद सुटलं. काच बाद.

जेलच्या भोवती द्रवाचं कडं दिसतं आहे. जेल स्वतःला आवळतं आणि आतला द्रव बाहेर टाकतं. हा द्रव ओतून द्यायचा नाही, जेल त्यातच मुरू द्यायचं. सांगाडा जितका बळकट होईल तितका पुढे उपयोगी. झाकणं घट्ट.

तुलनेसाठी शेजारी इथेनॉल घालून नुसतं ढवळून केलेली खेपही आहे. तिच्यात ५२ मिली इथेनॉल वेगळं घातलेलं, म्हणजे तेच १३.५ ग्रॅम सिलिका ११८ मिलीत पसरलेलं. प्रोबच्या खेपेत ६६ मिलीत. बोटाने हलकं दाबलं तरी फरक कळतो. ढवळलेलं जेल लुसलुशीत आहे, सोनोजेल टणक.

१० फेब्रुवारी

सगळ्या भानगडीत सगळ्यात जास्त नाकी नऊ आणले ते वाळवण्याने. झाकण अर्धं उघडं ठेवलेल्या डब्यांतल्या चकत्या एका रात्रीत तुकडे झाल्या.

छिद्रं बारीक हवी होती, ती बारीक आली, आणि त्याचीच किंमत मोजावी लागते आहे. छिद्रातल्या द्रवाचा केशिक दाब म्हणजे दुप्पट पृष्ठताण भागिले त्रिज्या. दोन नॅनोमीटर त्रिज्येच्या छिद्रात इथेनॉल असेल तर हा दाब सुमारे २२ मेगापास्कल, म्हणजे दोनशेहून जास्त वातावरणं. पाणी असेल तर ७२ मेगापास्कल. इथेनॉल आधी उडतं आणि मागे पाणी उरतं, म्हणजे सगळ्यात वाईट ताण शेवटीच येतो, आणि वरचा थर वाळलेला, आतला ओला.

बदल असे केले. मुरलेलं जेल ताज्या इथेनॉलमध्ये बुडवून ठेवलं, द्रव पुन्हा पुन्हा बदलला, म्हणजे छिद्रांतलं पाणी बाहेर पडावं. मग घट्ट झाकण, त्याला टाचणीने दोनच भोकं. डबा उबेत नाही, वाऱ्यात नाही. रोज वजन करायचं. वजन एकसारखं उतरत असेल तर ठीक, एकदम घसरलं तर एक भोक चिकटपट्टीने बंद करायचं.

वेळ फार जातो. सोल करायला मिनिटं, वाळवायला आठवडे.

२४ फेब्रुवारी

पातळ चकत्या, दोन मिमीच्या आतल्या, बहुतेक शाबूत आहेत. जाड चकत्यांपैकी अर्ध्या कडेला चिरल्या. ढवळलेल्या खेपेतल्या चकत्या आकसून फार लहान झाल्या, सोनोजेल त्यामानाने कमी आकसलं. दोन्ही पारदर्शक. सोनोजेलला उजेडासमोर धरलं तर अगदी हलकी निळसर छटा.

वजन हिशेबापेक्षा जास्त भरलं. ते अपेक्षितच होतं: पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल गट आहेत, छिद्रांत ओलावा आहे, आणि टीईओएसचे थोडे इथॉक्सी गट (इथेनॉल होऊन निघून जायला हवेत ते) जलापघटन न होता तसेच उरलेले.

ते उरलेले गट भट्टीत दिसले. एक चकती घाईने ५०० अंशांपर्यंत नेली, ती मधे काळपट झाली. सेंद्रिय भाग जळून बाहेर पडण्याआधीच छिद्रं मिटत आली असावीत. दुसरी मिनिटाला एक अंश या गतीने चढवली, ३०० च्या आसपास बराच वेळ थांबवली, भट्टीचं झरोक्याचं दार उघडं ठेवलं. ती वाटेत तपकिरी झाली आणि वर जाता जाता पुन्हा निवळली.

पुढच्या खेपेला पाणी चौपटऐवजी आठपट मोल घेणार आहे, ५० मिलीला ३२ मिली, म्हणजे इथॉक्सी कमी उरतील का ते कळेल. एकूण माप ८२ मिली होईल, तेव्हा तेवढेच ज्यूल प्रति मिली द्यायचे तर सुमारे पाच मिनिटं लागतील. अर्थात उडी आधी आली तर तिथेच थांबणार. टोक एकदाच घासता येईल एवढं उरलं आहे. नवा प्रोब मागवला आहे.